ग्रहण स्पेनचं, उपास पनवेलचा

पनवेलच्या मासळी बाजारात किशोरीच्या तोंडी लागायला सहसा कोणी धजत नाही. गिऱ्हाईक सुरमईचे कल्ले दोन बोटांनी उचकून वैद्यासारखं तोंड करायला लागलं, की ती गंभीरपणे विचारते, ताप आहे का तिला? नव्या पनवेलच्या टॉवरांतली मंडळी पापलेटचा फोटो काढून घरी बायकोला पाठवतात आणि उत्तर येईपर्यंत ओट्यासमोर ताटकळत उभी राहतात. अशांना ती बाजूला सरकायला सांगते, कारण तेवढ्या वेळात मासा म्हातारा होईल असं तिचं म्हणणं. बोंबलात काटे आहेत का, असं एका सूटबुटातल्या माणसानं विचारलं होतं. ती गोष्ट ती अजून सांगते आणि दर वेळी त्या माणसाचा टाय थोडा लांब होतो.

ती मूळची उरणजवळच्या मोऱ्याची. लग्न होऊन पनवेलच्या कोळीवाड्यात आली आणि सासूच्या ओट्यावर बसली, ती आजतागायत. नवरा दयाराम जाळी विणतो, दुरुस्त करतो आणि समोरचा जे बोलेल त्याला मान डोलावतो. समोरून दोन माणसं उलटसुलट बोलली तर दयाराम दोघांनाही मान डोलावतो. किशोरीनं त्याच्याशी भांडायचा नाद केव्हाच सोडून दिलाय. भांडायला निदान समोर कोणी हवं ना.

पण जगाची अशी सालं काढणारी ही बाई एका विषयावर मात्र गप्प बसायची. तो विषय म्हणजे ग्रहण.

त्याचं असं झालं. पंच्याण्णव सालच्या दिवाळीत, ऐन अमावस्येला, सकाळी मोठं सूर्यग्रहण लागलं. उत्तरेकडे कुठेकुठे खग्रास झालं, इथे पनवेलला सूर्याचा मोठा लचका गेला. किशोरीला तेव्हा आठवा महिना. सासू रंभानं तिला आतल्या खोलीत, दार लावून, पाठ टेकून पडून राहायला लावलं होतं. खाजवायचं नाही, कूस बदलायची नाही, सुईदोऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. आणि नेमका त्याच वेळी सासरा काशिराम खाडीवरून हातभर लांबीचा जिताडा घेऊन आला. रात्रभर खाडीत होता, पोटात आग पडली होती. ग्रहण सुटेपर्यंत थांबायची त्याची तयारी नव्हती. रंभा स्नानाला खाडीवर गेलेली. त्यानं दार ठोठावून सुनेला उठवलं, मासा तिच्यापुढे टाकला, किशोरीनं विळीवर बसून तो कापला आणि कालवण केलं. काशिराम पोटभर जेवला, ढेकर देऊन झोपला.

दोन महिन्यांनी कुंदन झाला. त्याचा वरचा ओठ मधोमध फाटलेला होता.

मग काय विचारता. अख्ख्या वाड्याला कारण सापडलं. ग्रहणात मासा कापला, पोराचा ओठ कापला गेला. रंभा येणाऱ्या-जाणाऱ्याला पाळण्याजवळ बोलावून दाखवायची आणि सुनेचा पराक्रम सांगायची. ज्यानं मासा मागितला, ज्यानं तो चाटूनपुसून खाल्ला, तो काशिराम कोपऱ्यात बसून हळहळायचा आणि त्याच्या हळहळीला सगळे हळहळायचे. पाप काय ते कापणारीचं. खाणाऱ्याचं पोट भरलं, त्याचं नाव कुठे आलंच नाही. काशिराम गेला तेव्हा पंचक्रोशीत देवमाणूस म्हणून त्याचा गौरव झाला. रंभाही पुढे गेली. पण ती गोष्ट काही गेली नाही, ती वाड्यात राहिली.

कुंदनचं ऑपरेशन झालं, ओठ नीट शिवला गेला. मिसरूड फुटल्यावर त्यानं मिशी वाढवली. बोलताना थोडा नाकातून बोलतो एवढंच. पोरगा हुशार, बी.कॉम. झालेला. द्रोणागिरीला कंटेनरच्या एका मोठ्या यार्डात सुपरवायझर आहे. न्हावा शेव्याला उतरलेला कुठला कंटेनर कुठल्या ट्रेलरवर चढवायचा, हे ठरवणारा माणूस. आणि मोबाइलवर जे येईल ते खरं मानणारा माणूसही तोच. कोळीवाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा तो ॲडमिन. सकाळी सात वाजता सगळ्या वाड्याला लिंबूपाण्याचे फायदे त्याच्याकडून कळतात, रात्री दहाला लिंबूपाण्याचे तोटे.

तर यंदा जुलै महिन्यात त्याच्या ग्रुपवर एक मेसेज आला. बारा ऑगस्टला शतकातलं सर्वांत मोठं खग्रास सूर्यग्रहण, भर दिवसा सगळं जग अंधारात बुडणार, पक्षी घरट्यात परतणार, गरोदर बायकांनी खास काळजी घ्यावी, आणि हा मेसेज अकरा जणांना पाठवा. मेसेज ज्यानं लिहिला त्याला अंधार फुकट मिळत असावा, इतका त्यानं तो सढळ हातानं वाटला होता. कुंदन शिकलेला पडला, त्यामुळे त्यानं आंधळा विश्वास ठेवला नाही. त्यानं इंटरनेटवर जाऊन खात्री केली. तारीख बारा ऑगस्ट, बरोबर. प्रकार खग्रास, बरोबर. वेळ पावणेसहा, संध्याकाळची. त्याची खात्री पटली. तारीख, प्रकार, वेळ एवढं सगळं त्यानं शोधलं. कुठे दिसणार, हे मात्र त्यानं शोधलंच नाही. ग्रहण म्हटलं की ते आपल्याकडेच येणार, दुसरीकडे त्याचं काय काम, असा त्याचा हिशेब.

एरवी किशोरीनं या विषयावर तोंड उघडलं नसतं. पण घरात सून होती. अंकिता करंजाची, गोड स्वभावाची पोर. तिला सातवा महिना होता आणि पोटातल्या बाळापायी तिची साखर वाढली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला इन्सुलिन लावून दिलं होतं. रोज सकाळी सुई, आणि सुई टोचली की वेळेवर खायचं, यात हयगय चालणार नाही, हे त्यांनी अंकिताला आणि किशोरीला दोघींना बसवून सांगितलं होतं. खाणं चुकलं तर घाम फुटेल, हातपाय थरथरतील, बोलणं अडखळेल, तसं झालं तर क्षणाचाही विचार न करता साखर द्यायची. किशोरीनं ते पक्कं ध्यानात ठेवलं होतं.

कुंदननं जाहीर केलं, की ग्रहण पावणेसहाचं म्हणजे वेध त्याच्या बारा तास आधी. अंकिता पहाटेपासून ग्रहण सुटेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही. इन्सुलिन मात्र घ्यायचं, कारण औषधाला दोष नसतो, असं कुठल्याशा महाराजांनी व्हिडिओत सांगितलं होतं. म्हणजे सुई चालेल, घास चालणार नाही. एवढी अक्कल एका डोक्यात मावते कशी, असा प्रश्न किशोरीला पडला.

ती दुसऱ्या दिवशी बाजारात याच विचारात बसलेली असताना मुबीना आली. मुबीना ही फरिदाची मुलगी. फरिदा म्हणजे किशोरीचं जुनं गिऱ्हाईक, मोहल्ल्यातली. मुबीना शाळेत भूगोल शिकवते. किशोरीनं मांदेली निवडता निवडता तिला विचारलं, की बाई तुझ्या भूगोलात हे ग्रहण कुठे पडलंय ते बघ जरा.

मुबीनानं पिशवी खाली ठेवली आणि मोबाइल काढला. एका संकेतस्थळावर पृथ्वीचा नकाशा होता आणि त्यावर प्रत्येक ग्रहणाचा एक अरुंद पट्टा आखलेला. त्या पट्ट्यात जो उभा राहील त्याला खग्रास, आजूबाजूच्यांना थोडंफार, लांबच्यांना काहीच नाही. बारा ऑगस्टचा पट्टा ग्रीनलंडवरून, आइसलंडवरून येऊन स्पेनमध्ये संपत होता. किशोरीचा नकाशावर विश्वास नव्हता. तिनं पनवेल दाखवायला सांगितलं. मुबीनानं नकाशा सरकवत सरकवत कर्नाळ्याच्या वरती आणून बोट ठेवलं. या ठिकाणाहून ग्रहण दिसणार नाही, एवढंच तिथं आलं.

पावणेसहाचं काय, असं किशोरीनं विचारल्यावर मुबीनाला हसू आवरेना. ती पावणेसहाची वेळ इथली नव्हतीच, ती सगळ्या जगासाठी धरलेली वेळ. आपल्या घड्याळासाठी तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे ग्रहण ऐन भरात येईल तेव्हा पनवेलला रात्रीचे सव्वाअकरा वाजलेले असणार. किशोरी हातातली मांदेली तशीच धरून तिच्याकडे बघत राहिली. रात्री सव्वाअकराला सूर्य कुठून आणणार होता तिचा शहाणा लेक?

मग मुबीनाला उत्साह आला आणि तिनं पुढची ग्रहणंही काढून दाखवली. पुढल्या वर्षी दोन ऑगस्टला खग्रास आहे, पण तेही आफ्रिका आणि अरबस्तानावरून. तिचा मामा शहजाद जेद्दाला असतो, त्याच्या डोक्यावरून. इथे संध्याकाळी सूर्याचा थोडासा कोपरा गेला तर गेला, तोही ढगांनी दिसू दिला तर. भारतात खग्रास बघायचं तर चौतीस सालच्या मार्चमध्ये पार लडाखकडे जावं लागेल. एका गावावर पुन्हा खग्रास यायला सरासरी साडेतीनशे-पावणेचारशे वर्षं लागतात. किशोरी म्हणाली, म्हणजे एकेका गावाला चारशे वर्षं सुट्टी आणि आमच्या वाड्याला दर अमावस्येला ड्युटी. जाता जाता मुबीनानं आणखी एक सांगितलं. ग्रहणाची नमाज त्यांच्यातही असते, पण ग्रहण दिसलं तरच.

किशोरी घरी आली ती जिंकल्यासारखी. तिनं जेवताना कुंदनला सगळं सांगितलं. कुंदननं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, की त्यांच्यात पाळत नाहीत, त्यांचं काय ऐकायचं. त्यांच्यातही दिसलं तर नमाज पढतात, हे किशोरीनं सांगून बघितलं, पण तोपर्यंत कुंदनचं ऐकणं संपलं होतं. मग तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यात बारा तारखेच्या मागे स्वच्छ छापलं होतं, खग्रास सूर्यग्रहण, भारतात दिसणार नाही, पाळण्याचे कारण नाही. पंचांगवाले, ज्यांचा धंदाच ग्रहणावर चालतो, तेसुद्धा सोडून द्या म्हणत होते. कुंदननं ते वाचलं.

"आये, कॅलेंडर गेल्या सालचा छापलेला हाय," तो म्हणाला. "मेसेज आजचा हाय."

किशोरीनं दयारामकडे बघितलं. दयाराम आधी कॅलेंडरला आणि मग मोबाइलला मान डोलावून मासा निवडायला लागला.

आता यातली खरी गंमत पुढेच आहे. बारा ऑगस्टला नुसती अमावस्या नव्हती, ती आषाढातली शेवटची अमावस्या होती. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. म्हणजे गटारी. आणि वार बुधवार. मासेमारीची पावसाळी बंदी उठून बोटी समुद्रावर गेलेल्या, अमावस्येचे खेकडे, म्हणजे चिंबोऱ्या, मांसानं भरलेल्या, महिनाभराची मासळी आणि दारू एका दिवसात उरकायची अशी सगळ्या वाड्याची परंपरा. आणि कुंदनचं ग्रहण नेमकं त्याच दिवशी. वाड्यावर मोठा पेच पडला. देवळासमोर बैठक बसली, ज्यांनी आयुष्यात कधी वेधाचं नाव घेतलं नव्हतं तेही गंभीर चेहरे करून आले. चर्चा होता होता असं ठरलं, की समुद्रावर राबणाऱ्या माणसाला वेध नसतो. दारू हे पाणी नव्हे, त्यामुळे तिलाही दोष नाही. मासळी आदल्या दिवशी पकडलेली असेल तर ती ग्रहणाच्या आधीची, म्हणून शुद्ध. अशा एकेक वाटा निघत गेल्या आणि बैठक संपली तेव्हा सगळा वाडा सुटला होता. फक्त ज्या घरात गरोदर बाई आहे त्या घरानं कडक पाळायचं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. वाड्यात त्या वेळी गरोदर एकच होती. सगळ्या कोळीवाड्याचं ग्रहण त्या मर्दांनी एकट्या अंकिताच्या पोटावर ठेवून दिलं आणि चिंबोऱ्या आणायला गेले.

मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या परेशनं दुकानाबाहेर ग्रहणाचे चष्मे टांगले आणि ते खपलेदेखील. रात्री सव्वाअकराच्या ग्रहणासाठी काळे चष्मे. किशोरीनं येता-जाता ते बघितले आणि कपाळावर हात मारून घेतला.

आदल्या संध्याकाळी तिनं अंकिताला एकटीला गाठून बजावलं. कुंदन काही बोलू दे, तू सुई टोचलीस की खायचं. भाकरी टोपलीत असेल, मागच्या दारी बसून खा, मी बघून घेते. अंकिता हो म्हणाली. तिनं हो म्हणताना खाली बघितलं होतं. ते किशोरीच्या लक्षात यायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशीच्या मालाची तिला घाई होती.

गटारीची सकाळ म्हणजे बाजारात पाय ठेवायला जागा नसते. किशोरी पहाटे बाहेर पडली तेव्हा कुंदननं तिला दारात अडवून सांगितलं, की आज कोयत्याला हात लावू नको. ती त्याला ओलांडून गेली. दुपारपर्यंत तिनं मान वर केली नाही. उपासतापास करणारेही त्या दिवशी पिशव्या घेऊन येतात, उद्यापासून सोडायचं म्हणून आज दुप्पट खातात. सुरमई, कोलंबी, बोंबील, जे होतं ते सगळं गेलं. ऊन-ढगांचा खेळ चालू होता. ग्रहणाची आठवण एकाही गिऱ्हाईकाला नव्हती.

ती घरी पोचली तेव्हा खिडक्यांना चादरी लावलेल्या होत्या. पाण्याच्या हंड्यावर, भाकरीच्या टोपलीवर तुळशीची पानं. यार्डातून रजा काढून कुंदन आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता, हातात मोबाइल, त्यावर कुणीतरी मंत्र म्हणत होतं. किशोरीनं टोपली उघडून बघितली. भाकऱ्या जशाच्या तशा होत्या.

आत अंकिता चटईवर उताणी पडली होती. ब्लाउज घामानं अंगाला चिकटलेला. ओठ थरथरत होते. किशोरीनं हाक मारली तर ती काहीतरी बोलली, पण शब्द जिभेवर घोळत राहिले. सुई घेतली होती का, असं किशोरीनं विचारलं. कुंदन म्हणाला, घेतली, सकाळीच घेतली. खाल्लं काही? त्यानं मोबाइल पालथा ठेवला.

किशोरीनं स्वयंपाकघरात जाऊन पेल्यात साखर ओतली, पाणी घातलं, बोटानंच ढवळलं आणि पेला नि साखरेचा डबा घेऊन ती धावत आली. तिनं अंकिताची मान उचलून पेला तोंडाशी नेला. तेवढ्यात कुंदननं तिचं मनगट पकडलं.

"नको आये. ग्रान सुटू दे. थोडेच तास राहिलेत."

"मरंल ती. सोड."

"तिला मी जबरदस्ती नाय केली. तिला मी माजा ओठ दाखवला. मिशी वर करून दाखवला. ती स्वताहून बोलली, मी नाय खानार." त्याचा आवाज नाकात अडकत होता. "तू एकदा कापलास, आये, आनि जल्मभर मी भोगतोय. आता माज्या पोराच्या तोंडाशी नको खेळू."

किशोरीचा हात थांबला.

खरोखर थांबला. बाजारात सगळ्या जगाची खिल्ली उडवणारी बाई, मुबीनाच्या नकाशावर स्वतः पनवेल शोधायला लावणारी, कॅलेंडर ताटाशेजारी आपटणारी, ती पेला हातात धरून पुतळ्यासारखी बसली. कारण रंभानं जे वाड्याला सांगितलं होतं, ते सगळ्यांत आधी किशोरीनंच खरं मानलं होतं. नकाशा कळत होता, घड्याळ कळत होतं, पण तीस वर्षांपूर्वीची ती सकाळ तिच्या आत तशीच होती. तिला वाटलं, आपण एकदा ऐकलं नाही, तर पोराचं असं झालं. आता परत ऐकलं नाही, तर?

अंकिताचे डोळे वर फिरले. मान किशोरीच्या हातावर कलंडली.

किशोरीनं कुंदनला दुसऱ्या हाताच्या कोपरानं असं ढकललं, की तो दाराच्या चौकटीवर जाऊन आदळला. पेला बाजूला ठेवून तिनं डब्यातली कोरडी साखर बोटावर घेतली आणि अंकिताच्या गालाच्या आत, हिरडीवर चोळली. परत घेतली, परत चोळली. मुखानं ती साऱ्या वाड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. अंकितानं थोडंसं गिळलं. मग आणखी. डोळे जागेवर आले तसं तिनं तिला दोन घोट पाजले आणि दयारामला रिक्षा आणायला सांगितलं. दयारामनं मान डोलावली आणि या वेळी तो खरंच धावला.

दवाखान्यात सलाईन लागलं. बाळाचे ठोके ऐकले गेले, ते नीट होते. तासा-दीड तासानं अंकिताला चांगली शुद्ध आली आणि तिनं पहिलं काय विचारलं असेल, तर ग्रहण सुटलं का. मग ती पुन्हा डोळे मिटून पडली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तेव्हा त्या संतापानं लाल झाल्या होत्या. पेशंटला उपाशी कोणी ठेवलं, असं त्यांनी विचारलं. कुंदननं खाली मान घालून सांगितलं, की आज ग्रहण आहे.

"कुठे?" त्या म्हणाल्या.

हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला होता. त्यानं खिडकीकडे बघितलं. पावणेसहा वाजायला आले होते. ढग बाजूला झाले होते आणि बाहेर रिक्षांच्या टपांवर लख्ख ऊन पडलं होतं. सूर्य होता तिथे, होता तसा, सगळाच्या सगळा. समोरच्या टपरीवर दोन माणसं गटारीच्या तयारीत भजी तळून घेत होती.

मग कुंदननं जे इतकी वर्षं मनात होतं तेच बाहेर काढलं. मिशीला हात लावून तो म्हणाला, की मॅडम, माझ्या वेळेला आईनं ग्रहणात मासा कापला होता. म्हणून मला भीती वाटली. बघा ना हे.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या ओठाकडे बघितलं आणि मग किशोरीकडे. त्यांचा आवाज जरा खाली आला. ग्रहण झालं तेव्हा तुम्हाला कितवा होता, असं त्यांनी विचारलं.

"आटवा," किशोरी म्हणाली.

"बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतो, मावशी. तेव्हा नाही जुळला तर मग नाही. कित्येक बायकांना त्या वेळी दिवस गेलेतसुद्धा माहीत नसतं. आठव्या महिन्यात तुम्ही मासा कापा नाहीतर झाड तोडा, याचा ओठ त्याच्या सहा महिने आधीच तसा झालेला होता."

किशोरी एक पाऊल पुढे सरकली.

"परत सांगा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना वाटलं तिला समजलं नाही. त्यांनी सावकाश, सोप्या शब्दांत, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पण समजलं तर तिला पहिल्यांदाच होतं. पहिल्यांदा तिनं ते ऐकलं ते लेकाच्या शेजारी उभं राहून, लेकाला कळावं म्हणून. दुसऱ्यांदा तिनं ते स्वतःसाठी ऐकलं.

डॉक्टरीणबाई गेल्या. दयाराम भिंतीला टेकून मान डोलावत होता. तिला त्याच्या मानेकडे बघवेना. मासा मागणारा मेला, बोट दाखवणारी मेली, आणि हा बाजूला उभा राहून दोघांनाही होय म्हणत होता. आणि आपण तरी काय केलं? इतक्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढलो, कुंदनच्या ऑपरेशनला, अंकिताच्या तपासणीला, पण एवढा एक प्रश्न कोणाला विचारायची आपली छाती झाली नाही. उत्तर होय येईल, याचीच धास्ती होती. बाजारात गिऱ्हाइकांना मूर्ख म्हणणाऱ्या किशोरीला पनवेलमधला सर्वांत मोठा मूर्ख कोण, हे आज कळलं आणि तिला त्याची भयंकर चीड आली.

कुंदन तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आये," तो म्हणाला, "मंग इतकी वर्सं तू आमाला बोलली का नाय? भांडली का नाय?"

"कशावर भांडू? मी पन तेच मानत व्हते."

तो तिच्या पायाशी वाकायला लागला. तिनं पाय मागे घेतले.

"माज्या पाया नको पडू. आत जा. ती जेवली का बग."

कुंदन आत गेला. मग किशोरी भिंतीकडे तोंड करून रडली. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी जिच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, सासूच्या तोंडावर जी कधी रडली नव्हती, ती कोणी बघतंय की नाही याची फिकीर न करता रडली, आणि रडतानाही तिला स्वतःचा रागच येत होता.